मोटरसायकलचा टायर: दुकानात बदलावा की स्वतः? मुंबईतल्या खर्चाचा हिशेब

कांजूर_पूर्व

नमस्कार.

माझ्याकडे १५० सीसीची पल्सर आहे आणि तिचा मागचा टायर बदलण्याची वेळ आली आहे. टायरच्या खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात आणि त्यांची जागा टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय या अक्षरांनी दाखवलेली असते. माझ्या टायरचा मधला पट्टा त्या उंचवट्यांच्या पातळीला येऊन टेकला आहे. दुचाकीच्या टायरमध्ये हे उंचवटे ०.८ मिलीमीटर उंचीचे असतात. त्यामुळे ते रस्त्याला लागू लागले म्हणजे पाणी बाहेर फेकायला खाच जवळजवळ उरलेलीच नसते. पूर्व द्रुतगती मार्गावर पहिल्या पावसात असा गोटा झालेला टायर घेऊन उतरण्याची माझी तयारी नाही, म्हणून मे महिन्यातच हे काम उरकायचे आहे.

टायरचे माप १००/९०-१७ असून तो ट्यूबलेस आहे. एकाच कंपनीच्या, एकाच नक्षीच्या टायरसाठी मी तीन ठिकाणी भाव विचारला. अधिकृत सर्व्हिस सेंटरने टायरचे २,५५० आणि मजुरीचे ३५० असे २,९०० रुपये सांगितले. लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका टायर विक्रेत्याने टायरचे २,३०० आणि मजुरीचे १५० असे २,४५० सांगितले. ऑनलाइन तोच टायर घरपोच २,१५० रुपयांना मिळतो, परंतु बाहेरून आणलेला टायर बसवून देण्यासाठी तोच विक्रेता २५० रुपये मागतो.

याचा अर्थ, ऑनलाइन टायर मागवून तो मी स्वतः बसवला तर विक्रेत्याच्या तुलनेत ३०० आणि सर्व्हिस सेंटरच्या तुलनेत ७५० रुपये वाचतात. मला पान्यांची सवय आहे. ब्रेक शू, चेन सेट, क्लच केबल ही कामे मी घरी करतो, पण टायर रिमवरून उतरवण्याचे काम कधी केलेले नाही. त्यासाठी लागणाऱ्या अवजारांचा खर्च धरला तर ही बचत खरी ठरते का, आणि पैशांपलीकडे या कामात काय मिळते किंवा गमावले जाते, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

---

पाना_१७

आपला प्रश्न एकच दिसत असला तरी त्यात तीन वेगवेगळी कामे आहेत आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडल्याशिवाय उत्तर निघणार नाही. पहिले काम गाडीतून चाक काढण्याचे, दुसरे रिमवरून जुना टायर उतरवून नवा चढवण्याचे आणि तिसरे चाक पुन्हा गाडीत नीट बसवण्याचे. दुकानदार तिन्हींचा मिळून एक दर सांगतो, म्हणून आपल्यालाही ते एकच काम वाटते.

आता अवजारे पाहू. नागदेवी स्ट्रीटवर किंवा ऑनलाइन, बऱ्यापैकी घडीव पोलादाच्या तीन टॉम्या (टायरची कड रिमवरून उचलण्याचे चपटे दांडे) रिम वाचवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांसह ९०० रुपयांच्या आसपास पडतात. व्हॉल्व्हची पिन काढण्याचे अवजार ५० रुपयांना मिळते. टायरची कड रिमपासून सोडवण्यासाठी जे यंत्र लागते, ज्याला सगळेच बीड ब्रेकर म्हणतात, त्याचे साधे रूप २,५०० रुपयांच्या घरात आहे. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना, ३,००० रुपयांना आणि चांगला पायपंप ९०० रुपयांना धरा. बेरीज ७,३५० रुपये होते. प्रत्येक टायरमागे ३०० रुपये वाचत असतील तर हा पैसा फिटायला पंचवीस टायर बदलावे लागतील. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला मागचा आणि पुढचा धरून वर्षाला सरासरी एका टायरपेक्षा जास्त लागत नाही. तेवढ्या काळात गाडीच बदललेली असेल.

पण यातली बहुतेक अवजारे फक्त दुसऱ्या कामासाठी लागतात, हे लक्षात घ्या. टॉम्या, बीड ब्रेकर, पंप ही सगळी त्या मधल्या कामाची सामग्री आहे. तेवढेच काम सुट्या चाकावर करून द्यायला कोपऱ्यावरचा कोणताही पंक्चरवाला १०० रुपये घेतो आणि त्याच्याकडे कॉम्प्रेसर असतो. ट्यूबलेस टायरमध्ये ही बाब निर्णायक आहे. नव्या टायरच्या कडा रिमच्या खोबणीत बसवायच्या तर हवा एकदम आणि मोठ्या प्रमाणात आत शिरावी लागते. ती पुरेशा वेगाने शिरली नाही तर कडेवरून निसटत राहते आणि पंप मारणाऱ्याची दमछाक होते. कॉम्प्रेसरवर व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडली की दोन्ही कडा दोन स्पष्ट आवाज करून जागेवर बसतात.

पहिल्या आणि तिसऱ्या कामासाठी मात्र आपल्याकडे असलेले पाने पुरतात आणि माझ्या मते आपण स्वतः करण्याजोगी कामे हीच दोन आहेत. दुकानात सर्वाधिक घाई तिथेच होते. ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, पुसून त्यावर ग्रीस लावले जात नाही. हबमधली, म्हणजे चाकाच्या मध्यभागातली, चेनचे झटके शोषणारी रबरे दबली आहेत का, बेअरिंग बोटाने फिरवल्यावर खरखरते का, हे पाहायला कोणी थांबत नाही. चेन दोन्ही बाजूंच्या खुणा न जुळवताच ताणली जाते, मग चाक किंचित तिरके बसते आणि नवा टायर पहिल्या दिवसापासून एका अंगाने झिजू लागतो. मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांशी) जखडून ठेवणारी दांडी असते. तिचा नट सैल राहिला तर ब्रेक दाबताक्षणी ती प्लेट चाकाबरोबर फिरू शकते आणि चाक जागीच अडकते. त्या नटात स्प्लिट पिन असते ती याचसाठी. एवढी महत्त्वाची गोष्ट मी दुसऱ्याच्या घाईवर सोपवणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की चाक घरी काढा, सुटे चाक दुकानात न्या आणि परत आणून स्वतः बसवा.

---

घाटवाट

पाना_१७ यांचा हिशेब ट्यूबलेस टायरपुरता बरोबर आहे. तारांच्या चाकांवर ट्यूब वापरणाऱ्यांनी मात्र तो जसाच्या तसा स्वीकारू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

माझी गाडी जुन्या धाटणीची ३५० सीसीची आहे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी आमचे माळशेज, कसारा असे फिरणे असते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा शिरला तर हवा हळूहळू उतरते आणि बाहेरूनच दोरीची पट्टी घालून काम भागते. ट्यूब मात्र काही क्षणांत बसते आणि टायरची एक बाजू उतरवल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. माळशेजच्या बोगद्याच्या अलीकडे संध्याकाळी हे झाले तर तिथे १०० रुपये घेणारा कोणी नसतो. म्हणजे आमच्यासाठी टॉमी चालवता येणे ही बचतीची नव्हे तर परत येण्याची बाब आहे आणि ती शिकायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे घरी, निवांतपणे, नवा टायर चढवताना.

त्यातले मर्म एकच आहे आणि ते समजले की जोर लावावा लागत नाही. रिमचा आडवा छेद पाहिला तर मध्यभागी एक खोलगट भाग दिसतो. टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. त्यामुळे टॉमी लावलेल्या ठिकाणी कड रिमवरून बाहेर यायची असेल, तर समोरच्या बाजूची कड त्या खोलगट भागात उतरलेली असली पाहिजे. तेवढीच ढील इकडे मिळते. समोरच्या बाजूवर गुडघा टेकवून कड खाली दाबून ठेवा आणि टॉमीने एका वेळी चार बोटांएवढाच भाग उचला. टॉमीला फार जोर लागत असेल तर समोरची कड वर आली आहे असे समजा आणि थांबा. तसाच जोर केला तर कडेतली तार दुखावते, रिमला खळगा पडतो किंवा ट्यूब चिमटते. कडांना साबणाचे पाणी भरपूर लावावे. तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, कारण ते रबर खराब करते आणि नंतर टायर रिमवर सरकू शकतो.

नवी ट्यूब आत घालण्याआधी तिला आकार येईल इतपत थोडी हवा भरावी, म्हणजे ती टॉमीखाली सापडत नाही. तिच्यावर टाल्कम पावडर चोळावी. तारांची टोके झाकणारी रबरी पट्टी फाटली असेल तर तीही बदलावी. ती वीस-तीस रुपयांची असते आणि तिच्या अभावी नवी ट्यूब आतून टोचली जाते. व्हॉल्व्हच्या दांडीवरचा बारीक नट रिमला घट्ट आवळू नये. तो टोपीलगत वर सैल ठेवावा. टायर रिमवर किंचित सरकला तर व्हॉल्व्ह तिरपा झालेला त्यामुळे लगेच दिसतो आणि दांडी मुळाशी फाटत नाही.

वरळी, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या भागात गाडी उभी राहत असेल तर टायर उतरला असताना लोखंडी रिमची आतली बाजू अवश्य पाहावी. खाऱ्या हवेने तिथे गंज चढतो आणि तो फुगून ट्यूबला घासतो. काचपेपरने तो साफ करायला अर्धा तास लागतो आणि कोणतेही दुकान तो अर्धा तास देत नाही.

---

मुलुंड_टायर

मी याच व्यवसायात आहे, त्यामुळे दुकानाची बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो.

बाहेरून आणलेल्या टायरला आम्ही जास्त मजुरी का घेतो, हा राग अनेकांच्या मनात असतो. दुकानातून टायर घेतला की मजुरीचा काही भाग आम्ही टायरच्या नफ्यातून भरून काढतो, म्हणून १५० रुपयांत काम होते. टायर बाहेरचा असेल तर तो आधार नसतो. शिवाय चढवताना काही दोष दिसला तर तो टायरचा होता की आमच्या हाताचा, हा वाद उभा राहतो. कंपनीची हमी फक्त उत्पादनातल्या दोषाला असते, चढवताना कड दुखावली तर ती लागू होत नाही. ऑनलाइन घेऊन घरी टॉमीने चढवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. मिश्रधातूच्या रिमवर काम करताना आमच्या यंत्राच्या बोटांवर प्लॅस्टिकची आवरणे असतात, ती आम्ही वरचेवर बदलतो. जिथे फक्त लोखंडी टॉमी आहे तिथे रिमला ओरखडे पडणारच, मग काम करणारा कोणीही असो. सुटे चाक आणले तर आम्हीही १०० रुपयेच घेतो.

खरेदीबाबत काही गोष्टी सांगतो, कारण पैसे मजुरीपेक्षा तिथे जास्त वाचतात किंवा जातात.

टायरच्या बाजूवर लंबवर्तुळात चार अंक असतात. ०९२५ असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या नवव्या आठवड्यात बनला आहे. सावलीत नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर घ्यायला काहीच हरकत नाही, परंतु तीन-चार वर्षे जुना माल नव्याच्या भावात घेऊ नका. दुकानात हा आकडा तुम्ही डोळ्यांनी पाहून घेऊ शकता, तर ऑनलाइन जे येईल ते येईल. मापानंतर ५५पी असे काही लिहिलेले असते. त्यातला ५५ हा भाराचा अंक असून त्याचा अर्थ २१८ किलो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा हे अंक कमी असलेला टायर केवळ स्वस्त आहे म्हणून स्वीकारू नये. भांडुपमध्ये सिएटचा कारखाना १९५८ पासून असल्यामुळे आमच्या भागात पुष्कळांना वाटते की इथे त्या कंपनीचा टायर अधिक ताजा मिळतो. पण दुचाकीच्या टायरसाठीचा त्यांचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. ताजेपणा त्या चार अंकांवरूनच ठरवावा.

करासंबंधीही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी २,००० रुपये किंमत असलेला टायर आधी २,५६० रुपयांना पडत होता, तो आता २,३६० रुपयांना पडतो. म्हणजे एका टायरमागे २०० रुपयांचा फरक पडला, जो आमच्या मजुरीपेक्षा जास्त आहे. जुना भाव सांगणाऱ्या दुकानदाराकडे बिल मागा आणि त्यावर कराचा दर पाहा. टायरवर छापील किमतीची चिठ्ठी जुनी असली तरी कर नव्याच दराने लागला पाहिजे.

---

लालबाग_चाळ

स्वतः करण्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी जागेचा विचार केलेला दिसत नाही. आमच्याकडे गाड्या गल्लीत रांगेने उभ्या असतात. दोन गाड्यांमध्ये माणूस आडवा जाईल एवढीही जागा नसते आणि रस्त्याला उतार आहे. मागचे चाक काढलेली गाडी तिथे डबल स्टँडवर तासभर ठेवणे धोक्याचे आहे, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याचा नुसता धक्का लागला तरी ती पुढे घसरून स्टँडवरून उतरू शकते. पुढचे चाक जमिनीवर टेकलेले असताना त्याला दोन्ही बाजूंनी विटा लावल्या आणि पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून ठेवला तर धोका कमी होतो, तरीही गाडीजवळून हलता येत नाही. मग सुटे चाक दुकानात नेणार कोण?

आम्ही यावर एक मार्ग काढला आहे. चाळीतल्या दुचाकीवाल्यांनी वर्गणी काढून अवजारांची एक पेटी केली आहे. ती तळमजल्यावर एका काकांच्या खोलीत असते आणि नेणारा वहीत नाव लिहून नेतो. रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाला, जिथे जमीन सपाट आहे, तिथे काम होते. एक जण गाडीपाशी थांबतो, दुसरा चाक घेऊन जातो. वर जो सात हजारांचा आकडा दिला आहे तो एकट्या माणसासाठी खरा आहे. दहा-बारा जणांत तो विभागला की टॉर्क रेंचसारखी वस्तूही परवडते, जी एकट्याने कोणी घेतली नसती. चाकाचे नट अंदाजाने आवळण्याची सवय त्यामुळे गेली, आणि मला तोच सर्वांत मोठा लाभ वाटतो.

---

दादर_ते_वाशी

मी स्कूटर चालवते. हा हिशेब स्कूटरलाही लागू होतो का? माझ्या ॲक्टिव्हाचा मागचा टायर बदलायचा आहे आणि दुकानाने मजुरी २०० रुपये सांगितली आहे.

---

मुलुंड_टायर

ताई, स्कूटरच्या मागच्या चाकासाठी दुकानाचा दर योग्य समजा. ते चाक काढायला आधी सायलेन्सर उतरवावा लागतो. त्याचे नट उष्णतेने आणि गंजाने धरलेले असतात आणि जोर लावताना तुटले तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. सायलेन्सर इंजिनाला जोडतो तिथली गॅस्केटही नवी घालावी लागते, अन्यथा तिथून फटफट आवाज येतो. तिचे पैसे मजुरीत धरले आहेत का, एवढे आधी विचारून घ्या. रिम लहान व्यासाची आणि टायरची बाजू कडक असल्याने हाताने चढवणेही मोटरसायकलपेक्षा अवघड जाते. मापही नीट पाहा, कारण नव्या ॲक्टिव्हाच्या पुढच्या चाकाचा व्यास १२ इंच आणि मागच्याचा १० इंच आहे. दोन्ही टायर एकाच वेळी ऑनलाइन मागवणारे अनेकदा एकच माप मागवून बसतात.

---

कांजूर_पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः तीन कामांचा हिशेब वेगळा मांडण्याची सूचना मला फार उपयोगी पडली, कारण त्यामुळे दुकान की घर असा प्रश्नच उरला नाही.

ऑनलाइन मागवण्याचा विचार मी सोडून दिला. टायर शास्त्री मार्गावरच्या विक्रेत्याकडूनच घेतला आणि बनल्याचा आठवडा स्वतः वाचून घेतला. चाक आमच्या इमारतीच्या आवारात काढले, धाकट्या भावाने ते स्कूटरच्या पायठेवणीवर ठेवून दुकानात नेले आणि मी गाडीपाशी थांबलो. टायरचे २,३००, चढवण्याचे १०० आणि नव्या व्हॉल्व्हचे ५० रुपये झाले. व्हॉल्व्ह बदलण्याचे दुकानदारानेच सुचवले. जुन्याचे रबर वाकवल्यावर बारीक भेगा दिसत होत्या आणि ट्यूबलेस चाकात तो नंतर बदलायचा म्हणजे पुन्हा टायरची कड सोडवावी लागते, हे मला पटले.

चाक बाहेर असताना हबमधली रबरे काढून पाहिली तर ती एका बाजूने चेपून चपटी झाली होती. गिअर बदलताना जो धक्का बसत होता आणि जो मी चेन सैल असल्याचा समजत होतो, तो त्यांच्यामुळे होता. नव्या रबरांचे १८० रुपये झाले. एकूण खर्च २,६३० रुपये, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केवळ टायर बदलण्याचे जे सांगितले होते त्याहून २७० रुपये कमी. त्यांनी ती रबरे पाहिली असती असे मला वाटत नाही, कारण त्यांच्या अंदाजपत्रकात चाकाच्या तपासणीचा उल्लेखच नव्हता.

आता दोन शंका. विक्रेत्याने टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणून बसवला, पण वजने लावून चाक संतुलित केले नाही. १५० सीसीच्या गाडीला ते आवश्यक आहे का? आणि जुना टायर मी परत आणला आहे, त्याचे काय करावे?

---

भांडुप_पश्चिम

जुन्या टायरबद्दल. तो आवारात, गच्चीवर किंवा शेडच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवू नका. टायरच्या आत साचलेले पाणी कलते करूनही पूर्ण निघत नाही आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी सोसायट्यांमधून असे टायर शोधत फिरतात आणि ते न हटवणाऱ्यांना नोटीस देतात. ठेवायचाच असेल तर छताखाली कोरडा ठेवा. अन्यथा ज्या दुकानातून नवा घेतला तिथेच परत द्या. जुलै २०२२ च्या नियमांनुसार वापरून झालेल्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे विक्रेत्यांकडे जमा झालेले टायर उचलले जाण्याची शक्यता आपल्या घरातल्या टायरपेक्षा कितीतरी जास्त असते. कोणी शेकोटीसाठी मागितला तर देऊ नका, त्याचा धूर अत्यंत विषारी असतो.

---

पाना_१७

हबची रबरे पाहिलीत हे फार चांगले केलेत.

संतुलनाबद्दल सांगायचे तर पिवळा ठिपका टायरची सर्वांत हलकी बाजू दाखवतो आणि व्हॉल्व्हपाशी रिम किंचित जड असते, म्हणून ते दोन्ही समोरासमोर आणतात. आपल्या गाडीच्या मागच्या चाकाला शहरातल्या वेगात एवढे पुरते. पुढच्या चाकाचा टायर बदलाल तेव्हा मात्र संतुलन करून घ्या, कारण तिथला असमतोल हँडलवर जाणवतो. रिमवर जुनी शिशाची किंवा चिकटवलेली वजने असतील तर ती जुन्या टायरसाठी होती. नवा टायर चढवल्यावर ती काढून नव्याने तपासावे लागते, तशीच ठेवू नयेत.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि त्याची पकड पहिल्या दीडशे किलोमीटरमध्ये हळूहळू येते. तोपर्यंत वळणावर गाडी फार कलती करू नका आणि पेव्हर ब्लॉक, रंगवलेले पट्टे, मॅनहोलची झाकणे यांवरून जाताना अचानक ब्रेक दाबू नका. हवेचा दाब साखळीच्या कव्हरावरच्या चिठ्ठीत दिलेला असतो, तो टायर थंड असताना तपासा. नवा टायर बसवल्यानंतरच्या दिवसांत व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि दोन्ही कडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. दाब कमी होत असेल तर तेच कारण असते.

आपण नवी रबरे घातली आहेत. ती थोडी बसतात आणि चेनचा ताण बदलतो. साधारण आठवडाभर गाडी चालवल्यावर चेन पुन्हा मोजा, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना ते पाहा आणि ॲक्सलचा नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने पुन्हा तपासा. लालबागच्या मंडळींसारखी टॉर्क रेंच कोणाकडून घेता आली तर घ्या. नट पुन्हा आवळून झाल्यावर, गाडी रस्त्यावर नेण्याआधी, डबल स्टँडवर चाक हाताने फिरवून मागचा ब्रेक दोन-तीन वेळा दाबा आणि पेडलची चाल पहिल्याइतकीच आहे का ते पाहा. चेनच्या ताणाबरोबर चाक मागे-पुढे सरकले की ब्रेकच्या दांडीची लांबीही बदलते, आणि तिच्या टोकाचा नट तेवढाच फिरवून ती पुन्हा जुळवावी लागते.